गारगोटीचे हात

बा दगडावर तळवा टेकून सांगायचा,
हा इकडून फुटेल. हा नाही फुटायचा.
बोनसरीच्या खाणीत मुकादम शिवाप्पासुद्धा
सुरुंगाचं भोक पाडायच्या आधी त्याला विचारायचा.
बा दगडाला ‘गडी’ म्हणायचा.
“गडी आज ऐकत नाही.”

मी सानपाड्याच्या कॉलेजात जे शिकायचे
ते संध्याकाळी त्याला सांगायचे.
तो विडी न पेटवता ऐकायचा.

अभ्रकाचा पापुद्रा नखानं सुटतो, बा,
कारण पापुद्र्याच्या आत घट्ट गाठी
आणि दोन पापुद्र्यांच्या मध्ये नुसती ओळखदेख.
संगजिऱ्यात तर तेवढीही नाही,
म्हणून ते बोटावर घसरतं,
तान्ह्याच्या मानेला लावतात.
मिठाचं वेगळं.
तिथे धन, ऋण, धन, ऋण अशी आळीपाळीनं घरं.
ठोका बसला, एक रांग एका घरानं सरकली
की सारखे सारख्यांच्या दारासमोर येतात
आणि सारख्यांचं पटत नाही. खडा सरळ चिरतो.

बा हसला.
“आपल्या आळीसारखंच की.”

एकदा काळ्या दगडाच्या पोटात पोकळी निघाली.
आत हिरवट काचेचे चौकोनी खडे, अपोफिलाइट,
आणि कडेला गव्हाच्या पेंढीसारखं
फिकट गुलाबी स्टिलबाइट.
वाशीचा दलाल साडेतीनशे टेकवून सगळं घेऊन गेला.
एक पेंढी बानं डोक्याच्या फडक्यात बांधून आणली
माझ्यासाठी.

तिचा टवका मी नळीत तापवला.
नळीच्या गळ्याशी पाणी जमलं.
नळी घरी आणून दाखवली:
हे दगडात राहत होतं, बा. भाडेकरूसारखं,
सैल धरलेलं. बेतानं तापवलं तर निघून जातं,
घर जरासं अंग चोरतं, पण पडत नाही.
“आणि परत?”
दमट हवेत ठेवलं तर परत येतं.
तो बराच वेळ त्या थेंबांकडे बघत बसला.

मग खाण बंद झाली.
पावण्याच्या एका शेडमध्ये काम लागलं,
वाळूचा फवारा मारून लोखंडाचा गंज काढायचं.
तोंडाला ओला रुमाल. साडेचार वर्षं.
घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या
आणि आई दाराबाहेरच त्याचे कपडे झटकायची.

गारगोटीचं मी त्याला सांगितलं नव्हतं.

तिच्यात पापुद्रे नाहीत, सरकणाऱ्या रांगा नाहीत,
भाडेकरूला जागा नाही.
एकेका सिलिकॉनला चार ऑक्सिजन,
एकेका ऑक्सिजनला दोन सिलिकॉन,
सगळ्या दिशांनी सारखंच घट्ट.
म्हणून ती काचेवर ओरखडा काढते.
म्हणून फुटली तरी सरळ फुटत नाही,
शिंपल्यासारखी वाकडी फुटते,
आणि ताज्या फुटलेल्या कणाच्या कडेवर
तुटलेले हात उघडे राहतात,
कुणालातरी धरायला बघतात.
पुस्तकात हे एका ओळीत होतं.
मी तिच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती
(पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट, तेही पापुद्रेच,
कागदावर आपोआप सुटणारे),
परीक्षेला येईल म्हणून.

वाशीच्या म्युनिसिपल हॉस्पिटलात
डॉक्टरीणबाईंनी एक्सरे उजेडाला धरला.
छातीत वरच्या अंगाला दोन्हीकडे
बारीक बारीक खडी अंथरलेली.
बानं मला विचारलं, “कुठला दगड हा?”
मी सांगितलं.
“फुटेल?”

बाई माझ्याकडे बघत होत्या. मी एक्सरेकडे.

त्यानं तो मागून घेतला, मांडीवर पसरला,
आणि नख गेलेल्या अंगठ्यानं
सावकाश चाचपत गेला, वरून खाली,
खाणीत शीर शोधायचा तसा.
“गडी पक्का आहे,” म्हणाला.

रिक्षा तुर्भ्याच्या पुलाखाली अडकली तेव्हा
खोकला थांबवून त्यानं विचारलं,
“ती पेंढी आहे का गं अजून?
तो टवका? आलं का पाणी परत?”
मी हो म्हटलं.
बघितलं नव्हतं.